पिस्तुलाची मूठ आणि सरावाची शिस्त

सत्तरी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले वाळपई हे गाव गोव्याच्या पोलीस दलाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. पोलीस प्रशिक्षण विद्यालय याच ठिकाणी असून दलात नव्याने भरती होणारे तरुण-तरुणी येथे पोलिसी जीवनाचे पहिले धडे घेतात. कायद्याचे ज्ञान, कवायत आणि शारीरिक शिक्षण यांबरोबरच शस्त्र हाताळण्याचे शिक्षण हाही पोलिसांच्या प्रशिक्षणाचा एक आवश्यक भाग होय. या शिक्षणातील अगदी प्रारंभीचा, दिसावयास सोपा, परंतु सर्वांत अधिक दुर्लक्षिला जाणारा धडा म्हणजे पिस्तूल हातात कसे धरावे हा होय.

पिस्तूल धरणे यात शिकण्यासारखे ते काय, असा प्रश्न सामान्य माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि नेमबाजीच्या क्षेत्रातील अनुभवी शिक्षक नवशिक्याचा नेम पाहण्यापूर्वी त्याची मूठ पाहतात. नेम चुकला तर लक्ष्यावरील कागदाला भोक पडत नाही, एवढीच हानी क्रीडांगणावर होते. परंतु जत्रेच्या गर्दीत किंवा बाजारपेठेत कर्तव्य बजावणाऱ्या शिपायाच्या हातून सुटलेली गोळी परत बोलावता येत नाही. यास्तव मुठीचा प्रश्न हा केवळ कौशल्याचा नसून नागरिकांच्या जीविताचाही आहे. प्रस्तुत लेखात या विषयाची शास्त्रीय बाजू, सरावाची पद्धत आणि सुरक्षिततेचे नियम यांचा क्रमाने विचार केला आहे.

एका मिलिमीटरची किंमत

पिस्तुलाच्या नळीच्या पुढील टोकास एक लहानसा उंचवटा असतो, त्यास माशी म्हणतात. मागील बाजूस एक खाच असते. डोळ्यापुढे माशी खाचेच्या बरोबर मध्यभागी आणि तिच्या वरच्या कडेशी समपातळीत आली म्हणजे नळी नेमक्या दिशेला आहे असे समजावे. बंदुकीची नळी लांब असते, शिवाय तिचा दस्ता खांद्याला टेकलेला असतो. पिस्तुलाला हे दोन्ही आधार नाहीत. माशी आणि खाच यांमधील अंतर थोडे आणि संपूर्ण शस्त्राचा भार केवळ हातावर, यामुळे पिस्तुलाची नेमबाजी अधिक कठीण ठरते.

हे एका साध्या गणिताने पटेल. एअर पिस्तुलाची माशी आणि खाच यांत सुमारे ३० सेंटिमीटर अंतर आहे असे धरू. लक्ष्य १० मीटरवर आहे. माशी खाचेच्या मध्यापासून केवळ १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर लक्ष्यावर ती चूक तेहतीस पटींनी वाढते आणि छर्रा मध्यबिंदूपासून सुमारे ३३ मिलिमीटर दूर लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजेच एका मिलिमीटरच्या चुकीने दहाऐवजी सहा गुण पदरी पडतात.

याउलट, माशी आणि खाच यांचा मेळ अचूक राहिला आणि संपूर्ण हातच ५ मिलिमीटर बाजूला सरकला, तर छर्राही तेवढाच, म्हणजे ५ मिलिमीटर सरकतो आणि दहा गुण कायम राहतात. या दोन उदाहरणांतील फरक प्रत्येक नवशिक्याने मनात ठसवून घ्यावा. हात थोडासा डोलला म्हणून बिघडत नाही, कारण जिवंत माणसाचा हात संपूर्ण स्थिर कधीच राहत नाही. बिघडते ते मनगट आणि मूठ यांच्यामुळे नळीची दिशा बदलते तेव्हा. पोलिसांच्या नित्य वापरातील पिस्तुलांत माशी आणि खाच यांमधील अंतर याहूनही कमी, साधारण १६ सेंटिमीटर असते. तेथे एका मिलिमीटरची चूक २५ मीटरवर १५ सेंटिमीटरांहून अधिक होते.

हाताची रचना आणि मुठीचे तत्त्व

मनुष्याच्या हाताची बोटे एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र नाहीत. त्यांना हालविणारे स्नायू कोपराखालील भागात एकमेकांलगत असतात. त्यामुळे एक बोट आवळले की शेजारची बोटेही नकळत आवळली जातात. पिस्तूल चालविताना मात्र निसर्गाच्या या योजनेविरुद्ध काम करावे लागते. मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांनी शस्त्र घट्ट व एकसारखे धरावयाचे आणि त्याच वेळी तर्जनीने चाप हळुवारपणे, सरळ मागे ओढावयाचा, अशी ही दुहेरी कामगिरी आहे. ही कामगिरी जन्मतः कोणासही साधत नाही. ती सरावानेच अंगी बाणते.

योग्य मूठ बांधण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. अंगठा आणि तर्जनी यांमधील बेचके पिस्तुलाच्या मुठीच्या मागील बाजूस शक्य तितके वर, परंतु मध्यभागी बसवावे. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका सरळ रेषेत यावेत. मधले बोट आणि अनामिका यांचा दाब समोरून सरळ मागे, तळव्याच्या दिशेने असावा. करंगळी केवळ सोबतीला असावी. अंगठा बाजूस हलकेच टेकलेला असावा, त्याने दाबू नये. तर्जनी मुठीच्या बाजूस न चिकटता मोकळी राहावी आणि प्रत्यक्ष गोळी झाडण्याचा निर्णय होईपर्यंत ती चापाबाहेर, नळीच्या बाजूने सरळ ठेवावी.

दाब किती असावा, हा प्रश्न नवशिक्यास नेहमी पडतो. यासाठी एक जुनी व परिणामकारक कसोटी आहे. पिस्तूल उचलून मुठीचा दाब हळूहळू वाढवीत जावे. एका मर्यादेनंतर हात थरथरू लागतो. त्यानंतर थरथर पूर्ण थांबेपर्यंतच दाब कमी करावा. जेथे थरथर थांबते, तेथे त्या हातासाठी योग्य दाब सापडतो. कुळागरात दिवसभर कोयता चालविणाऱ्या शेतकऱ्यास हे तत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. नवखा मजूर कोयत्याची मूठ जिवाच्या आकांताने आवळतो आणि तासाभरात त्याच्या हाताला फोड येतात. जाणता माणूस ती हातातून निसटणार नाही इतपतच धरतो आणि संध्याकाळपर्यंत काम करतो.

एका हाताची व दोन हातांची मूठ

क्रीडास्पर्धा आणि पोलिसी कर्तव्य यांत मुठीचे प्रकार भिन्न आहेत. ऑलिम्पिकमधील पिस्तूल प्रकारांत शस्त्र एकाच हाताने धरावे लागते आणि मनगटास कोणताही आधार घेण्यास मनाई असते. १० मीटर एअर पिस्तुलाचे वजन अधिकाधिक १,५०० ग्रॅम असू शकते, तर चाप किमान ५०० ग्रॅमचा भार पेलणारा असावा लागतो. स्पर्धकास ७५ मिनिटांत ६० छर्रे झाडावयाचे असतात. महिलांसाठी ही संख्या पूर्वी ४० होती, ती २०१८ पासून पुरुषांप्रमाणेच ६० करण्यात आली. म्हणजे सुमारे दीड किलोपर्यंतचे शस्त्र किमान साठ वेळा उचलून प्रत्येक वेळी तीच मूठ, तोच दाब आणि तीच दिशा साधावी लागते.

पोलीस शिपायाने मात्र शक्य तेथे दोन्ही हातांचा उपयोग करावा, असे शिकविले जाते. मुख्य हाताची मूठ वर सांगितल्याप्रमाणे बांधून दुसऱ्या हाताची चार बोटे तिच्यावरून घट्ट वेढावीत. दोन्ही अंगठे एकाच बाजूस, पुढच्या दिशेने असावेत. दुसऱ्या हाताचा अंगठा पिस्तुलाच्या मागे कदापि नेऊ नये. स्वयंचलित पद्धतीच्या पिस्तुलाचा वरचा भाग गोळी सुटताच वेगाने मागे येतो आणि तेथे असलेल्या अंगठ्यास गंभीर इजा करतो. तसेच मनगट ढिले ठेवल्यास हा सरकता भाग आपली फेरी पूर्ण करू शकत नाही आणि पुढील काडतूस अडकण्याचा संभव असतो. शस्त्र ऐन वेळी बंद पडल्याचा दोष पुष्कळदा शस्त्राचा नसून मुठीचा असतो.

काडतुसाविना सराव

काडतुसे खर्चिक असतात आणि गोळीबाराच्या मैदानावर प्रत्येक प्रशिक्षणार्थ्यास मिळणारा वेळ मोजका असतो. सुदैवाने मुठीचा सराव बहुतांशी काडतुसाविना करता येतो. किंबहुना तो तसाच अधिक चांगला होतो, कारण आवाज आणि धक्का यांची भीती नसल्याने सर्व लक्ष हाताकडे देता येते. जगातील नामांकित नेमबाजही आपल्या सरावाचा मोठा भाग अशाच रीतीने करतात.

या सरावापूर्वी शस्त्र रिकामे असल्याची खात्री दोनदा, डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून करावी. काडतुसे त्या खोलीत असू नयेत. नळीचा रोख गोळी अडवू शकेल अशा भक्कम भिंतीकडे असावा. पॉइंट टू-टू जातीच्या पिस्तुलात मोकळा चाप ओढल्यास आतील भागास इजा पोहोचू शकते, म्हणून त्यात खोटे काडतूस घालावे. एअर पिस्तुलांत मात्र अशा सरावासाठी बहुधा वेगळी सोय केलेली असते. प्रशिक्षणार्थ्यांनी हा सराव शिक्षकाच्या देखरेखीखालीच करावा.

सरावाचे चार टप्पे पाडावेत. पहिल्या टप्प्यात केवळ मूठ बांधणे आणि सोडणे, एवढेच वीस वेळा करावे. प्रत्येक वेळी पिस्तूल खाली ठेवून नव्याने उचलावे. दुसऱ्या टप्प्यात मूठ बांधून डोळे मिटावेत, हात नेहमीच्या उंचीवर न्यावा आणि मग डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मध्यभागी दिसली तर मूठ योग्य आहे. ती सतत एका बाजूस दिसत असेल तर मनगट वाकवून दुरुस्ती करू नये, मूठच सोडून पुन्हा बांधावी. तिसऱ्या टप्प्यात कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे रोख धरून चाप ओढावा. भिंतीवर लक्ष्य नसल्याने दृष्टी माशीवर स्थिर राहते आणि चाप ओढताना ती हलली तर तात्काळ कळते. चौथ्या टप्प्यात लहान लक्ष्य लावून हीच क्रिया करावी.

हा सर्व सराव दररोज पंधरा ते वीस मिनिटे पुरेसा आहे. आठवड्यातून एक दिवस तीन तास घाम गाळण्यापेक्षा रोज थोडा वेळ नियमाने दिल्यास कौशल्य अधिक टिकते. कोणतेही हस्तकौशल्य शिकण्याचा हाच नियम आहे. शाळेतील मुलांचे हस्ताक्षर रोजच्या एका पानाने सुधारते, परीक्षेच्या आदल्या रात्री लिहिलेल्या वहीने नव्हे, हे शिक्षकवर्गास ठाऊकच आहे. हात थकल्यावर सराव थांबवावा. थकलेला हात चुकीची मूठ शिकतो आणि चुकीची सवय मोडण्यास नवी सवय लावण्याहून अधिक काळ लागतो.

हाताची शक्ती वाढविण्यासाठी महाग साधनांची गरज नाही. ओला पंचा पिळणे, रबरी चेंडू दाबणे, एक लिटर पाण्याने भरलेली बाटली हात लांब करून काही क्षण धरणे, एवढ्याने मनगट आणि खांदा यांस पुरेसे बळ येते. विहिरीचे पाणी दोराने ओढलेल्या हातांना तर हे बळ आधीच लाभलेले असते. त्यांना केवळ संयम शिकावयाचा असतो.

लक्ष्यावरून दोषाचे निदान

लक्ष्याचा कागद हा नेमबाजाचा आरसा होय. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या सातत्याने खाली डावीकडे लागत असतील, तर चाप ओढताना तो संपूर्ण मूठ आवळीत असावा. गोळ्या उजवीकडे जात असतील तर बहुधा अंगठा दाबला जात असतो. वरच्या बाजूस जात असतील तर धक्क्याची अपेक्षा धरून तळव्याने पिस्तूल पुढे ढकलले जात असावे. वरपासून खालपर्यंत उभी रेघ उमटली असेल तर मनगट सैल आहे असे समजावे. डाव्या हाताच्या नेमबाजाने डाव्या-उजव्या दिशा उलट धराव्यात.

येथे एक सूचना महत्त्वाची आहे. निदान एका गोळीवरून करू नये. किमान पाच गोळ्यांचा पुंजका पाहावा. पुंजका लहान असून मध्यापासून दूर असेल तर मूठ एकसारखी आहे, केवळ खाचेची जुळणी करावयाची आहे. पुंजका विखुरलेला असेल तर प्रत्येक वेळी मूठ बदलते आहे आणि पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सराव करणे इष्ट ठरेल. प्रत्येक दिवसाची नोंद एका वहीत ठेवावी. महिन्याभराने ती वही चाळली म्हणजे आपली प्रगती कोठे झाली आणि कोठे अडली, हे कोणी न सांगताही कळते.

दोन उदाहरणे

सरावाने मूठ घडविता येते याचे जगातील सर्वांत बोलके उदाहरण हंगेरीच्या कारोय ताकाच यांचे आहे. सैन्यात असलेले ताकाच हे उत्तम पिस्तूल नेमबाज होते. १९३८ साली लष्करी सरावाच्या वेळी हातबॉम्बचा स्फोट होऊन त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी कोणासही न सांगता डाव्या हाताने सराव आरंभिला आणि पुढच्याच वर्षी हंगेरीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. महायुद्धामुळे ऑलिम्पिक स्पर्धा खंडित झाल्या होत्या. त्या पुन्हा सुरू झाल्यावर १९४८ साली लंडन येथे आणि १९५२ साली हेलसिंकी येथे २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात त्यांनी सुवर्णपदक पटकाविले. ज्या हाताने कधी शस्त्र धरले नव्हते, त्या हाताला त्यांनी मूठ नव्याने शिकविली.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१३ साली दक्षिण कोरियातील चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर कोपराच्या दुखापतीने त्यांच्या मार्गात मोठा अडथळा आणला. पिस्तूल नेमबाजास कोपराची दुखापत म्हणजे लेखकास बोटांची दुखापत. तथापि धीर न सोडता त्यांनी पुनश्च तयारी केली आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धांत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. या प्रकाराच्या वेगवान फेरीत लक्ष्य केवळ ३ सेकंद दिसते आणि तेवढ्यात खाली धरलेला हात वर नेऊन एक गोळी झाडावयाची असते. तीन सेकंदांत मूठ सुधारावयास वेळ नसतो. ती आधीच बरोबर असावी लागते. पुढे २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हरियाणाच्या मनू भाकर यांनी एअर पिस्तूल प्रकारात वैयक्तिक आणि सरबज्योत सिंग यांच्यासह मिश्र सांघिक अशी दोन कांस्यपदके मिळविल्याने या खेळाकडे ग्रामीण भागातील मुलामुलींचेही लक्ष वेधले गेले आहे.

सुरक्षितता आणि कायदा

शस्त्र हाताळण्याचे चार नियम सर्वत्र मान्य आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे समजूनच ते हाती घ्यावे. ज्यावर गोळी झाडावयाची नाही, त्या दिशेला नळीचा रोख कधीही नेऊ नये. निर्णय होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. लक्ष्य आणि लक्ष्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करून घ्यावी.

यांपैकी तिसऱ्या नियमाचा मुठीशी निकटचा संबंध आहे. मनुष्य दचकला, त्याचा तोल गेला किंवा त्याने दुसऱ्या हाताने एखादी वस्तू जोराने पकडली, तर शस्त्र धरलेला हातही नकळत आवळला जातो. अशा वेळी बोट चापावर असेल तर गोळी सुटते आणि ती सुटावी अशी कोणाचीच इच्छा नसते. पिकाच्या रक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या सत्तरीतील शेतकऱ्यासही हा नियम तितकाच लागू आहे. डोंगरउतारावर, पावसाने निसरड्या झालेल्या वाटेवर पाय घसरणे ही नित्याची गोष्ट आहे. बोट चापाबाहेर असेल तर घसरणाऱ्याचे फार तर ढोपर फुटेल.

शस्त्र बाळगण्याविषयीचे नियम शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये घालून दिलेले आहेत. परवान्याविना पिस्तूल बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार सामान्य परवानाधारकास अधिकाधिक दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात. परवान्याचे शस्त्र कुलूपबंद ठेवणे आणि काडतुसे वेगळ्या जागी ठेवणे हे प्रत्येक कुटुंबप्रमुखाचे कर्तव्य आहे. ज्यांना या खेळाची आवड आहे, अशा विद्यार्थ्यांनी मान्यताप्राप्त संस्थेत, प्रशिक्षित शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली एअर पिस्तुलापासून प्रारंभ करावा. राष्ट्रीय छात्रसेनेतही नेमबाजीचे प्राथमिक शिक्षण मिळते. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यांस प्रोत्साहन देताना नेमापूर्वी नियम शिकवावेत.

अखेरीस

वाळपईच्या विद्यालयात शिकावयास येणारा तरुण पूर्वी पिस्तूल धरलेला नसला तरी त्याचे हात अननुभवी नसतात. कोणी भाताची कापणी केलेली असते, कोणी काजूच्या बागेत राबलेला असतो, कोणाच्या हाताला लेखणीचीच सवय असते. या प्रत्येक हाताला योग्य मूठ शिकविता येते, कारण तिच्यासाठी अमानुष ताकद लागत नाही. लागते ती रोजच्या वीस मिनिटांची शिस्त आणि स्वतःच्या चुका कागदावर पाहण्याची तयारी. ज्याची मूठ पक्की, त्याचे मन निर्णयाकडे लक्ष देण्यास मोकळे राहते. ज्याची मूठ कच्ची, तो ऐन प्रसंगी शस्त्राशीच झगडत बसतो. आणि ज्या शिपायाचे मन मोकळे आहे, तोच गोळी झाडावी की झाडू नये याचा शांतपणे विचार करू शकतो. बहुतेक प्रसंगी ती न झाडणेच योग्य असते. शस्त्र हाती असून ते आवरता येणे, हेच या दीर्घ सरावाचे खरे फलित होय.